मुलीला ओढ नव्हती

१२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आईला सांगा, स्वेटर पोचला. बाह्या जरा लांब आहेत, पण चालतंय. इकडे सगळं ठीक. नागरिकशास्त्राचे पेपर तपासून डोळ्यांची वाट लागलीय.

तुमच्या गौरवग्रंथासाठी माझा लेख अजून आला नाही, म्हणून संपादकांचा परत फोन आला होता. न्यायमूर्ती घरी वडील म्हणून कसे होते, एवढंच लिहा म्हणाले. मी लिहायला बसते आणि उठते.

निरोप समारंभ छान झाला. भिंतीला टेकूनसुद्धा वकील उभे होते. भाषणही छान चाललं होतं. मग तुम्ही हसून म्हणालात, "आमच्या घरात वकिली माझ्यापाशीच थांबली. मुलीला तिची ओढ नव्हती." सगळे हसले. आईने माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडलाच नाही.

ओढ नव्हती, बाबा? सनद मिळाली त्या दिवशी मी गाऊन घालून घरभर मिरवत होते. तुम्हीच म्हणालात, पुरे आता, जेवायला बस. आणि जेवतानाच सांगितलंत की मी न्यायाधीश आहे तोवर तू वकिली करायची नाहीस, लोक बोट दाखवतील. बाहेरगावीही नको, नाव तर माझंच लावशील. मी लगेच मानलं. उलट मैत्रिणींना सांगत सुटले, बाप असावा तर असा. कसली वेडी होते मी!

समारंभानंतर चहाला दादा भेटला, काकांचा मुलगा. मी सहज विचारलं की तू इतकी वर्षं याच कोर्टात वकिली करतोस, बाबांनी कधी हरकत नाही घेतली? तो बिचारा सरळ मनाने म्हणाला, "अगं, काकांनी ऑफिसला कळवून टाकलं होतं, याची प्रकरणं माझ्यापुढे लावू नका. झालं."

झालं! एवढ्यावर भागत होतं. पुतण्याला एक निरोप पुरला आणि माझी अख्खी वकिली गेली. तुम्ही मला फसवलंत, बाबा. आणि वर भरल्या सभेत सांगितलंत की मलाच ती नको होती.

लेख मी लिहिणार नाही. दुसरी एक गोष्ट बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. दुरुस्तीसाठी बाहेर काढलेल्या भाडेकरूंना त्याच घरात परत यायचा हक्क नाही, हा तुमचा गाजलेला निकाल आता पूर्णपीठापुढे फेरविचाराला आलाय. माझा शाळेचा राजीनामा मंजूर झालाय. एका ज्येष्ठ वकीलबाईंच्या हाताखाली मी त्या केसमध्ये उभी राहतेय. यात राग अजिबात नाही, असं खोटं कशाला बोलू? पण तो निकाल मला तेव्हाही चुकीचा वाटला होता. जेवताना तसं म्हणालेही होते. तुम्ही मीठ मागितलंत.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. यावंसं वाटलं तर या. बसायला मात्र मागचा बाक मिळेल.

तुमची मुलगी,
भाडेकरूंतर्फे