काउंटेसच्या महालातली खिडकी

नॉटिंगहॅम,
४ ऑक्टोबर २००५

ती. सुचेताकाकूंस,
शि. सा. न. वि. वि.

लहानपणी दर शनिवारी तुम्ही मला बाराखडी गिरवायला लावायचात, त्याची ही शिक्षा. ईमेल वाचणार नाही म्हणालात, म्हणून पत्र लिहितेय. चुका लाल पेनानं दाखवून परत पाठवू नका.

माझा डिसर्टेशनचा विषय पक्का झाला. १९७१ सालची एक बेल्जियन फिल्म आहे, रक्त पिणाऱ्या काउंटेसची. विकली गेली हॉरर म्हणून, पण निम्मा वेळ बायका कपड्यांशिवाय मेणबत्त्यांमधून फिरत असतात. कॅमेरा त्यांच्याकडे कसा बघतो, यावर मला दहा हजार शब्द लिहायचेत. आईला फक्त 'युरोपियन सिनेमा' एवढंच सांगितलंय. खरं कळलं तर ती बाबांना गाडीत घालून मिल्टन कीन्सहून थेट इथे येईल.

डीव्हीडी सोबत आहे. लायब्ररीतली जाडजूड रशियन पुस्तकंसुद्धा तुम्ही सोडत नाही, मग हीही बघा आणि खरं मत कळवा. पण काकांच्या फोटोसमोर लावू नका!

बाकी ठीक. या वर्षी खोली तिसऱ्या मजल्यावर मिळालीय. जिन्यात दोनदा थांबावं लागतं. माझी फ्लॅटमेट सिया मला आजीबाई म्हणते. जिम लावीन म्हणतेय.

लोभ आहेच, तो वाढवायला दिवाळीत चकल्या पाठवाव्यात.

तुमची,
वरदा


लेस्टर,
१३ ऑक्टोबर २००५

चि. वरदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चुका मोजल्या, पण आकडा सांगत नाही.

रविवारी दुपारी पडदे ओढून तुझा सिनेमा लावला. पडदे ओढले ते शेजारच्या यमुनाबेनसाठी, त्या खिडकीतून ढोकळ्याची ताटली देतात. तर त्या नेमक्या मागच्या दारानं आत आल्या. मी घाईनं चॅनल बदललं आणि आम्ही दोघींनी वीस मिनिटं गुलाबांची छाटणी पाहिली. जाताना त्या म्हणाल्या की, आधीचा कार्यक्रम जास्त चांगला दिसत होता.

मत विचारलंस म्हणून लिहिते. उघड्या बायकांचं मला काही वाटलं नाही. नणंदांची बाळंतपणं केलेल्या बाईला शरीराचं नवल नसतं. काउंटेसचीही भीती वाटली नाही. ती विधवा आहे, लांबलचक टेबलावर रोज दोघांची ताटं मांडते. ती मला कळली. तुझे काका गेल्यावर वर्षभर मी सकाळी दोन कप काढत होते.

भीती वाटली ती त्या नव्या नवरीची. ती रोज थोडी थोडी पांढरी होत जाते. नवरा म्हणतो, किती सुंदर दिसतेस. नोकर टक लावून बघतात, पाहुणे बघतात, तुझा तो कॅमेरा तर हलतच नाही. सगळे तिला न्याहाळतात आणि तिला काय होतंय ते एकालाही दिसत नाही. एवढा मोठा महाल, पण कुणी तिला खिडकीपाशी नेऊन उजेडात तिचा चेहरा बघितला नाही. तुझे काका तिथे असते तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. आठवतं ना, तुम्ही मुलं दारात आलात की बूट काढायच्या आधी ते तुमची खालची पापणी ओढून बघायचे, मग नखं, आणि मगच चॉकलेट.

जिन्यात दोनदा का थांबतेस? एकविसाव्या वर्षी? लोखंडी कढई देते, तीत पालेभाजी करून खा.

लोभ असावा, आणि पोटात गरम काहीतरी असावं.

तुझी,
काकू


नॉटिंगहॅम,
२ नोव्हेंबर २००५

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

फराळाचा डबा मिळाला. चकल्या सियानंच संपवल्या, मला सध्या कडक काही चावलं की हिरड्यांतून रक्त येतं. नवा टूथब्रश घेतलाय.

तुमचं ते खिडकीचं वाक्य मी माझ्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये घातलं. ट्यूटरनं त्याखाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं की, हे कुठल्या क्रिटिकचं. मी सांगितलं, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या काकूंचं.

सोमवारी संध्याकाळी फिल्म सोसायटीनं हॅलोवीनला तीच फिल्म दाखवली. सगळे वेश करून आले होते. मी नवरी झाले, पांढरा नाइटगाऊन घालून, आणि पहिलं बक्षीस मिळालं! गंमत म्हणजे स्टेजवर चढले आणि नाकातून खरंच रक्त आलं, पांढऱ्या गाऊनवर छातीपर्यंत. लोकांना वाटलं ट्रिक आहे. उभे राहून टाळ्या वाजवल्या. फोटो पाठवतेय.

दंडांवर निळे डाग पडलेत, कुठे आपटते आठवत नाही. सिया म्हणते, मी झोपले की काउंटेस येऊन जाते. थोडा तापही आहे, पण इथे सगळ्यांनाच आहे. चिंता नसावी.

लोभ असाच राहू द्या, डबा रिकामा परत पाठवतेय म्हणून कमी करू नका.

तुमची,
वरदा


लेस्टर,
५ नोव्हेंबर २००५

चि. वरदास,
अ. उ. आ.

काल फोनवर तू हसलीस आणि विषय बदललास. म्हणून लिहिते. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

फोटो मी स्वयंपाकघराच्या खिडकीत धरून बघितला. मग काकांचं भिंग आणून बघितला. मला एवढंच सांग, तोंडाला पावडर किती लावली होती? ओठांना काय लावलं होतं? हातालाही लावली होती का? तुझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीचं तोंड पांढरं आहे, पण हात तिच्या रंगाचे आहेत. तुझे हात तुझ्या रंगाचे नाहीत.

एक गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नाही. शेवटच्या हिवाळ्यात तुझे काका असेच फिके दिसायला लागले. मला वाटलं, ऊन नाही, वय झालं, ड्यूट्या फार होतात. दंडावर डाग दिसला तर ते म्हणाले, कपाटाचं दार लागलं. मी मान्य केलं. साऱ्या जगाच्या पापण्या ओढून बघणारा माणूस, त्याची पापणी मी एकदाही ओढली नाही. निदान झालं तेव्हा तीन आठवडे उरले होते. त्यानंतर मी त्यांची डॉक्टरकीची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. आता त्या वाचनाचा काय उपयोग, असं यमुनाबेन विचारायच्या.

हे पत्र मिळालं की आरशापाशी नको, खिडकीपाशी जा. पापणी ओढून सियाला दाखव. उलट टपाली कळव. पहिल्या दर्जाचं तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलंय.

लोभ राहू दे, पण आधी उत्तर दे.

काकू


नॉटिंगहॅम,
७ नोव्हेंबर २००५

काकू,

पावडर नव्हती. सगळ्यांत मिळून एकच डबी होती, माझा नंबर येईपर्यंत संपली. सिया म्हणाली, तुला गरजच नाही. ओठांनाही काही नव्हतं. हातांनाही.

पापणी बघितली. सिया आधी हसत होती, मग तिनं स्वतःची ओढून दाखवली. तिची आत लाल आहे. माझी कागदासारखी आहे.

पाकीट पोस्टात टाकायला सिया जातेय. मला आज जिना उतरवत नाही.

आईला अजून सांगू नका.

वरदा


नॉटिंगहॅम, हॉस्पिटल,
९ नोव्हेंबर २००५

चि. वरदास,
अ. उ. आ.

तू झोपली आहेस आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून तुला पत्र लिहितेय. यमुनाबेनना सांगितलं तर त्या हसतील. पण आपलं असंच ठरलंय ना, मोठ्या गोष्टी लिहून.

काल सकाळी तुझं पत्र उंबऱ्यावर पडलं आणि दहाची ट्रेन पकडली. पुढचं तुला माहीत आहे, टॅक्सीत बसेपर्यंतचं तरी. क्लिनिकमध्ये रक्त घेतलं, दुपारी चारच्या आत त्यांचाच फोन आला की, थेट इथे या. नंतर तू कुठे, काय, असं विचारत होतीस ते तुला आठवणार नाही.

दोन पिशव्या रक्त चढलं, तिसरी चालू आहे. कुणाचं आहे कोण जाणे. कुणीतरी शहाणा माणूस चहाबिस्किटांवर देऊन गेला असेल. तुझ्या चॅप्टरमध्ये हे घाल. त्या अख्ख्या सिनेमात एकालाही सुचलं नाही की, रक्त देताही येतं.

मी तुझा शब्द मोडला. तुझ्या आईबाबांना, सुप्रभाला आणि गंधारभावजींना, कळवलंय, ते निघालेत. सिनेमाचंही सांगितलं. सुप्रभा म्हणाली, शंभर बघू दे.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. या रक्तविकारांच्या वॉर्डाच्या दारावर जे नाव लिहिलंय, त्याच नावाच्या दारातून मी चार वर्षांपूर्वी लेस्टरला आत गेले होते. उद्या हाडातला मगज तपासायला घेतील. मी तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलं की, उशीर झालाय का. त्या म्हणाल्या, आज सांगता येणार नाही, पण आठवडाभरानं आणली असती तर तुम्हाला हे विचारावंच लागलं नसतं.

तुला झोप लागावी म्हणून नर्सनं खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. तिची माफी मागून मी तो उघडला. जागी होशील तेव्हा ऊन डोळ्यांवर येईल आणि तू माझ्यावर चिडशील. चीड. मी तुझी पापणी ओढून बघणार आहे. उद्याही, परवाही.

लोभ असावा. खुर्ची खिडकीपाशीच आहे, मी ती हलवत नाही.

तुझी,
काकू