गुडघ्यामागचा तांबडा चट्टा

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, मान अजून नीट वाकत नाही). वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. आम्हीही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण गेला महिना मी काही मजेत नव्हतो.

झालं असं, की झाडीच्या कडेची एक जमीन मोजायची होती. कमरेएवढं गवत. साहेबांनी बजावलं होतं, पायभर पँट घाला. मी अर्धी घातली (पंचवीस वर्षं जमिनी मोजतोय, मला गवत शिकवतात!). दिवसभर फीत ओढली आणि घरी आलो. दहाव्या दिवशी मोजे चढवायला वाकलो, तर मागून ही ओरडली, "अहो, गुडघ्याच्या मागे हे काय?" मला दिसेना. जमिनीवर आरसा ठेवून वर उभा राहिलो. आरसा फुटला, चट्टा दिसला नाही. शेवटी हिने मोबाइलवर फोटो काढला, तेव्हा आमची ओळख झाली. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणजे आजार नव्हेच, असा निकाल मी देऊन टाकला. शेजारच्या शिंपीकाकांनी गजकर्ण ठरवून मलम दिलं. कचेरीतले कारकून म्हणाले, मोज्याचं इलास्टिक काचलं असेल (मोजा घोट्यापर्यंतच असतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही).

मग माझ्यातला मोजणीदार जागा झाला. रोज अंघोळीआधी हिने बॉलपेनने चट्ट्याच्या कडेकडेने रेघ मारायची आणि फीत लावायची. सोमवारी दोन बोटं, बुधवारी तीन, शनिवारी तळहाताएवढा; मध्ये फिकट, कडेला तांबडं कडं. "हद्द वाढतेय," मी म्हणालो. "अतिक्रमण आहे ते, डॉक्टरांकडे चला," ही म्हणाली. मी गेलो नाही. मग ताप आला, अंग ठणकायला लागलं, मान आखडली. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून मी विचार करायचो, की आपल्याला वर जायचं होतं की खाली. त्या पायरीवरूनच हिने मला उचललं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि विचारलं, "या रेघा कोणी मारल्या?" मी छाती काढून म्हणालो, "हिने. माझ्या देखरेखीखाली." "बरं केलंत. गवतात गेला होतात?" मग त्यांनी सांगितलं, की खसखशीएवढी गोचीड चावते, कळतही नाही, आणि काही दिवसांनी असा पसरणारा चट्टा उठतो. याला लाइम आजार म्हणतात (मला वाटलं सरबताचा काही प्रकार असेल). कडं सगळ्यांनाच येत नाही. कोणाला नुसता तांबडा डाग येतो, कोणाला तेवढाही नाही. मी म्हटलं, रक्त तपासून बघू, मग ठरवू. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर तपासणीत पुष्कळदा काही सापडत नाही, चट्टा पुरेसा आहे, गोळ्या आजच सुरू करा. अंगावर काढलंत तर सांधे, नसा, हृदय, कुठेही जाईल. मला एक विनोद सुचला होता, पण हिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की तो मी केला नाही.

दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी चट्टा पुसला, ताप गेला. मानही सुटतेय.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र मी हौसेने लिहिलेलं नाही. काल वहिनींचा फोन आला. तुझ्या पाठीवर आठ दिवस तांबडा चट्टा वाढतोय, आणि तू म्हणतोस गादीची शिवण उमटली. रोज कुत्र्याला घेऊन गवतात हिंडतोस ते वेगळंच. वहिनी म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत, पण तुमची फजिती चवीने वाचतात." म्हणून सगळी फजिती लिहिली. उद्या डॉक्टरांकडे जा.

आणखी ता. क. वहिनींनी पाठवलेला फोटो आत्ता पाहिला. दादा, वीतभर आहे रे. वरचं 'उद्या' खोडून 'आज' वाच. पत्र टपालात न टाकता हिच्याच हाती पाठवलंय. तू वाचत या ओळीपर्यंत येईपर्यंत दोघी जावा चपला घालून दारात उभ्या असतील. मान वर करून बघ.