खड्गदंतीचा मोडका सुळा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे विज्याचा, दोन्ही पायांस दंडवत (डाव्यास जरा हळू, गुडघा नवा आहे). ऑपरेशनला महिना होत आला, जयसिंगपुरात तू एकटी, आणि फोनवर मात्र ‘मी बरी हाय, कुणाच्या दारात पडणार न्हाय’ हे एकच पालुपद. भिंत धरून स्वयंपाक करतेस, हे शेजारच्या गौराबाईंनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

इकडे सगळे खुशाल. आमच्या निशिगंधाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तू खड्गदंती मांजराची प्लास्टरची कवटी पाठवलीस (तीही निवृत्तीच्या दिवशी तुझ्या विद्यार्थ्यांनी दिलेली, म्हणजे काळजाचा तुकडाच), त्याचे उपकार कुठल्या तोंडानं मानू? हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं ते वीतभर सुळ्यांचं जनावर आमच्या फ्रीजवर ऐटीत बसलं. पण खंडेनवमीला तालमीची पोरं पूजेसाठी हत्यारं गोळा करत आली आणि ‘सुळा म्हंजे हत्यारच की!’ म्हणून कवटीही घेऊन गेली. (‘न्या’ म्हणणारा मीच.) गदा आणि दांडपट्टा यांच्या मधोमध मांडून तिला दुधाचा अभिषेक झाला. लोखंडाला चालतो गं, प्लास्टरला नाही चालत. पुसताना डावा सुळा अर्ध्यातून माझ्या हातात आला.

मग कवटी कुंभार गल्लीत जोतीरामकडे नेली. गणपती घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आणायला गेलो, तर सुळा जोडायचा सोडून गड्यानं तो सुरेख घासला होता आणि टोकाला सोनेरी रंग दिला होता. वर मलाच म्हणाला, ‘दादा, एक दात मोडकाच ठेवायचा असतोय. जोडला तर दोष लागतोय की!’ तीस वर्षांचा त्याचा हात, त्याच्याशी काय भांडणार?

परीक्षकबाईंनी नेमकं त्या सोनेरी टोकावरच बोट ठेवलं. मी खांबाआड झालो. निशिगंधा मात्र कवटीसोबत तू पाठवलेलं टिपण घोकून आली होती. खऱ्या जीवाश्मांतही मोडके सुळे सापडतात, म्हणाली, आणि मोडून पुन्हा जुळलेली हाडंही. तसल्या लंगड्याला शिकार कुठली जमायला? तरी हाड जुळेपर्यंत ते जगलं, म्हणजे सोबतच्यांनी त्याला खाऊ दिलं असावं, असं काही शास्त्रज्ञ मानतात. पुढचं टिपणात नव्हतं. ‘फुटबॉल खेळताना आमच्या पप्पांचा पाय मोडलेला, तवा आक्काआत्यानं चार महिने जेवू घातलंय.’

आक्का, मी खांबाआडच रडलो. शाळेला निघताना तू माझ्या उशाशी भाकरी झाकून ठेवायचीस, आणि मी पडल्यापडल्या ‘पिठलं अळणी आहे’ म्हणायचो. त्या चार महिन्यांसाठी तुला कधी एक चांगला शब्द बोललो नाही. तू होतीस म्हणून मी उभा राहिलो गं. निशिगंधाला दुसरं बक्षीस मिळालं, तेही तुझंच.

तुझा,
विज्या

ता. क. सुळ्याबद्दल माफी. शिव्या समोरासमोर खाईन.

आणखी एक ता. क. कवटी पाठवणार नाही. हवी असेल तर इथं येऊन राहावं लागेल. शनिवारी गाडी घेऊन तुझ्या दारात उभा राहतो. तुझी काठी सुटेपर्यंत कवटी फ्रीजवरून उतरणार नाही. भाकरी उशाशी झाकून ठेवीन, पिठलंही मीच करीन. अळणी झालं तर खुशाल म्हण.