उद्घाटनापूर्वी हात लावू नये

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
बँकेतून रिटायर होऊन अकरा दिवस. घरात पाय ठरत नाही. परदेशीपुऱ्यातल्या बायकांना मोफत शिलाई शिकवायचं ठरवलं. हॉल मिळाला, चार मशिनीही दानात. शिकवणार कोण, ते नंतर. आधी उद्घाटन.

५ फेब्रुवारी
पाहुणे पक्के. पलासियातले कोचिंग क्लासवाले यशवर्धनजी, रविवारी, आठ तारखेला. कापडी बॅनर आलं: ‘प्रेरणास्थान: दौलतराव’. स्वतःचं नाव स्वतःच लिहून दिलं, लोक विसरतात. मशिनींना लाल फिती बांधल्या. कोणी हात लावायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

८ फेब्रुवारी, दुपारी २
यशवर्धनजी ट्रॅफिकमधूनच परत गेले. आता चौदा तारीख. बॅनरवर जुनी तारीख, म्हणून ते बाद, नवं सांगितलं. पोहे-जलेबी उरली. तीन प्लेटी खाल्ल्या, अन्न वाया घालवणं मला जमत नाही.
चाळीतली शालिनी मागे लागली. नवरा घरी बसलाय, अठराला रेडीमेड कारखान्यात तिची टेस्ट, मशीन कधी चालवलेलं नाही. चौदापर्यंत थांब म्हणालो. ती म्हणाली, "काकाजी, फीता तो बाद में भी कट जाएगा. माझी टेस्ट थोडीच थांबणार?"
तरुण रक्त. मनावर घेतलं नाही.

११ फेब्रुवारी
पलासियाला चौथी चक्कर. कुर्त्याचं बटण तुटलं. बायको इंदिरा म्हणते, दुपारी वेळ नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. घरातही लक्ष घालावं लागणार, उद्घाटनानंतर.

१४ फेब्रुवारी
यशवर्धनजी महूला, लग्नात. एकोणीस फायनल. तिसरं बॅनर. आज हॉलवर दोनच बायका. आपल्या लोकांत चिकाटी नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
पाहुणे नाहीत. बायकाही नाहीत. फिती मीच कापल्या. कात्री बोथट, शेवटची दातांनी तोडली. चौकीदाराने टाळ्या वाजवल्या.

दुपारी १.१५
घराच्या दारात नऊ जोड चपला. आत इंदिरेचं लग्नातलं मशीन, भोवती बायका. आठ तारखेपासून रोज दुपारी चाललंय म्हणे. सरावाला माझी बाद बॅनरं. ‘प्रेरणास्थान’वरून तीन शिलाया गेलेल्या.
शालिनी काल पास झाली. सोमवारपासून कामावर. पेढा घेऊन आली होती, माझ्या पाया पडली. कुठे बघावं कळेना.
इंदिरेने हॉलची किल्ली मागितली. दिली. तिने मला सुई, दोरा आणि कुर्त्याचं बटण दिलं.
तरी कल्पना माझीच होती.

दुपारी ३.४०
दोरा अजून ओवला गेला नाही.