वाडग्यातली मूठ

माझ्या चष्म्याची उजवी काच तू अजून दिली न्हाईस. भादव्यात रोपं बघायला म्हणून काढून नेलीस, आता माघ लागला. एका डोळ्यानं लिहून राहिले, ओळी वाकड्या गेल्या तर नावं ठेवायची न्हाईत. शाळा माझी दुसरीपर्यंत, त्यातलंही अर्धं साल गुरांमागं गेलं.

प्रिय तनुजा, घरात फोन असून म्हातारी पत्र का लिहिते म्हणशील. फोन तुझ्या बापाच्या, किशनच्या खिशात असतो, आणि मी बोलले की तो शेजारी बसून ऐकतो. म्हणून शेजारच्या रामकिशनच्या हातानं हे तुला लातूरला दवाखान्यात धाडते. तिथनं रोज एकच निरोप येतो, तुझी बहीण उज्वला बरी हाय, लेकरू काचेच्या पेटीत हाय पण बरं हाय. पाच दिवस झाले. पेटीतलं लेकरू किती बरं असतं ते मला शिकवू नका.

भादव्यात किनवटच्या जंगलात माझ्या माहेरी गेलो होतो, तवा एवढाले साग सोडून तू पालथी पडून जमीन हुंगत होतीस. माझा भाऊ ग्यानोबा विचारत होता, पोरीचं काय हरवलं. दगडाच्या सावलीतलं शेवाळ, नेचे, बोटभर उंचीची रोपं, सगळ्यांनी तू वही भरलीस. यांना फूल न्हाई, बी न्हाई, जगात फुलं नव्हती तवापासून ही हायेत, म्हणालीस. मग मी तुला आमची मूठ दाखवली. वाळली की पानं आवळून मुठीवानी बसते, पाण्यात टाकली की उघडते. बाळंतिणीच्या उशाला पाण्यात ठेवायची, ती उघडली की बाई मोकळी होते, हे माझ्या आईनं शिकवलेलं. निम्म्या गावाची बाळंतपणं मी त्या मुठीच्या भरवशावर केली. तर तू काय केलंस, ग्यानोबाच्या फडताळातली कुबट, किडकी मूठ काढून पाण्यात टाकलीस. तीही उघडली.

"आजी, ही कवाच मेलेली हाय. पानं पाणी पितात, एवढंच. तिला बाईचं काय कळतंय?"

माझ्या आईला खोटं पाडलंस म्हणून दिवसभर तुझ्याशी बोलले न्हाई. येताना मात्र दोन मुठी पदराला बांधून आणल्या.

मंगळवारी सकाळी उज्वलाला कळा सुरू झाल्या. किशन रेणापूरला गेलेला. तुझा दाजी शिवम आदल्या दिवशीच आला होता, त्यानं लगोलग गाडी दाराशी लावली. मी वाडग्यात मूठ टाकली. घटकाभरात पानं सुटायला लागली. शिवम दोनदा आत आला, दोनदा मी हाकलला. तिसऱ्यांदा आला तवा, मूठ उघडून राहिली, बायकोला रस्त्यात बाळंत करतोस का, असं म्हणून त्याच्या हातातली किल्ली हिसकावली आणि कनवटीला खोचली. मूठ पुरी उघडली, तळहातासारखी. उज्वला पांढरीफटक पडली, तिची शुद्ध हरपली. तरी मी वाडग्याकडंच बघत होते. किल्ली दिली तवा ऊन अंगणाच्या पार गेलं होतं.

आता ज्यासाठी लिहिलं ते. शिवमनं गाडी काढायला उशीर केला म्हणून किशननं चारचौघांत त्याला नाही नाही ते सुनावलं, आणि उज्वला त्याला खाटेजवळ फिरकू देत न्हाई, असं रामकिशन सांगत होता. गाडी सुरूच होईना, असं म्हणाला म्हणे तो खुळा. माझ्याकडं बोट दाखवलं न्हाई. परक्याच्या पोरानं मला झाकावं, एवढी मी अजून मेले न्हाई. किल्ली माझ्या कनवटीला होती. हे पत्र शिवमला समोर उभा करून उज्वलाला मोठ्यानं वाचून दाखव, एक ओळ गाळायची न्हाई. तू भादव्यात खरं बोलत होतीस, तेही त्यातच आलं.

तुझीच, काच हरवलेली,
भीमाआजी

उत्तर उज्वलानं द्यायचं. शिव्या असल्या तरी चालतील, पण तिच्या हातच्या. तू लिहायचं न्हाई, आणि किशननं तर न्हाईच न्हाई.