उजवी पोटरी

कोलोन, २१ मार्च

प्रिय गेसा,

सगळं फिरलं ते एकोणचाळिसाव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला. मेर्लेनं माझ्या उजव्या पोटरीची सोनोग्राफी बघितली आणि शीळ घातली, त्या क्षणी.

आता रीतसर विचारतो. कशी आहेस? खांदा अजून दुखतो का? तुमच्या वृद्धाश्रमातल्या त्यादेनबाई उठून खुर्चीपर्यंत जायला लागल्या का? तू पाठवलेली बिस्किटं मिळाली. अर्धी हेनिंगनं खाल्ली.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की पाठ दुखत होती म्हणून मला प्रयोगातून लवकर उठवलं. तू ते खरं मानलंस. पाठ दुखली, हे खरं. पण पहिल्या पाच दिवसांतच, आणि ती सगळ्यांचीच दुखते.

ही जागा कशी आहे ते तुला फोनवर नीट सांगितलंच नव्हतं. साठ दिवस पडून राहायचं. पलंग डोक्याकडून उतरता, उशी नाही, आणि एक खांदा कायम गादीला टेकलेला. जेवण, आंघोळ, दाढी, बाटलीत लघवी, सगळं तसंच. अंतराळात माणसाच्या शरीराचं जे होतं, ते जमिनीवर आणायची ही युक्ती. आम्ही बारा जण. निम्म्यांना रोज व्यायाम, निम्म्यांना काहीच नाही. मी आणि शेजारच्या खोलीतला हेनिंग ‘काहीच नाही’वाले. हेनिंग ट्राम चालवतो. दार उघडं ठेवून आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो.

“काय रे थिलो, आज काय केलंस?”

“पडलो होतो.”

“वा! मीसुद्धा. पण तुझ्यापेक्षा चांगला.”

आणि मेर्ले. डॉक्टरेट करते. विषय पोटरीचा आतला स्नायू. दर गुरुवारी मशीन ढकलत यायची, थंडगार जेल लावायची आणि वीस मिनिटं माझ्या उजव्या पायाकडे असं बघायची, की तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही. हसू नकोस. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, “एवढं काय आहे त्या स्नायूत?”

“तू उभा असतोस ना, तेव्हा तू तोंडावर पडू नयेस म्हणून हा दिवसभर मागे ओढून धरत असतो. न बोलता. जन्मल्यापासून कधी आभार मानलेस त्याचे?”

“नाही.”

“मग आता मान. कारण आता त्याला कामच उरलेलं नाही. शरीर त्याला मोडायला काढेल. पहिल्या दिवसापासून.”

खरंच, गेसा, काय चीज आहे ही! आम्ही बायसेप्स फुगवून आरशासमोर उभे राहतो, आणि खरा हमाल खाली पोटरीत दडलेला असतो. अंगावरचा भार गेला की तोच आधी वाळतो. अंतराळवीर रोज दोन-अडीच तास घाम गाळतात तेव्हा कुठे तो थोडाफार टिकतो. तंतूंचा स्वभावसुद्धा बदलतो म्हणे. दमानं काम करणारे चटकन थकणारे होतात. मेर्ले हे सांगताना तिचे हात चालायचे, जेलचे थेंब चादरीवर उडायचे, आणि मी ऐकत राहायचो. आखनच्या कॉलेजात दोन वर्षांत मी एवढं ऐकलं नसेन.

आखनचं आलंच आहे तर तेही लिहितो. प्राध्यापकांनी माझा अपमान केला म्हणून मी कॉलेज सोडलं, असं तुला सांगितलं होतं. अपमान कसला? त्यांनी चूक दाखवली होती. मी कागद त्यांच्या टेबलावर फेकले आणि निघालो.

तर तिसऱ्या गुरुवारी मेर्ले पडद्याकडे बघत म्हणाली, “चाललाय बिचारा. सगळ्यांचा सारखाच.” त्या “सारखाच”नं माझं डोकं फिरलं. सगळ्यांसारखा? मी?

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर पांघरुणाखाली सुरू केलं. डाव्या पायाचा पंजा उजव्याच्या तळव्याखाली अडकवायचा, आणि उजव्यानं जीव खाऊन दाबायचं. दहा मोजायचे, सोडायचं. नाश्त्यानंतर शंभरदा, जेवणानंतर शंभरदा. छतावरच्या कॅमेऱ्याला दिसायचा फक्त पुस्तक वाचणारा मुलगा. फक्त उजव्यालाच, कारण ती उजवाच बघायची.

एकोणचाळिसावा दिवस नेमका कार्निव्हलच्या गुरुवारी आला. त्या दिवशी कोलोनमध्ये टाय घालून फिरलं तर बायका तो कशा कापतात ते तू शाळेच्या सहलीत बघितलं आहेसच. इथे पडलेल्यांकडे टाय कुठले? हेनिंगनं वर्तमानपत्राचे दोन बनवले, एक माझ्याकडे पाठवला. मेर्ले लाल नाक लावून, कात्री घेऊन आली. कचकन टाय कापला आणि रीतीप्रमाणे गालावर ओठ टेकवले. शेजारून हेनिंग ओरडला, “इकडेही बाकी आहे हो! या म्हाताऱ्याचाही टाय आहे!” त्यालाही मुका मिळाला. तो सगळ्यांनाच मिळतो.

पण शीळ फक्त माझ्यासाठी होती.

“थिलो, हे काय आहे? हेनिंगची पोटरी जवळजवळ पाचवा हिस्सा गेली. तुझी जेमतेम कमी झालीये!” तिनं तीनदा मोजलं. लाल नाक काढायचं विसरली. “तुझ्या स्नायूला काहीतरी ठाऊक आहे, जे बाकीच्यांच्या स्नायूंना नाही. ते काय, ते मी शोधणार. बुधवारी दहाला बैठकीत सगळ्यांसमोर ठेवते. तपासायला स्नायूचा अजून एक तुकडा काढू देशील?”

मी म्हटलं, “हवे तेवढे काढ.”

ते सहा दिवस मी स्वर्गात असायला हवं होतं. मंगळवारी हेनिंगला अंघोळीला ढकलत नेलं तेव्हा त्याचे पाय चादरीबाहेर होते. गेसा, काटक्या. हा माणूस ट्रामच्या पायऱ्या दिवसातून शंभरदा चढणारा. मला बघून म्हणाला, “बघ, आपली संपत्ती! सहा आठवड्यांत फुंकून टाकली, पण एकदम कायदेशीर.” आणि हसला. ज्यांना तो कधी भेटणार नाही अशा लोकांसाठी त्यानं आपल्या पोटऱ्या देऊन टाकल्या होत्या, गुपचूप एक बोटही न हलवता. तेव्हा मला तुझ्या त्यादेनबाई आठवल्या. उद्या मेर्ले लिहील की काहींचा स्नायू पडून राहूनही टिकतो. मग कुणीतरी वाचून म्हणेल, राहू द्या त्यांना पडून.

बुधवारी, कार्निव्हल संपल्याच्या सकाळी, साडेनऊला मेर्ले आली. हातात कागद, सोबत मशीन.

मी म्हटलं, “डावा पाय बघ.”

“का?”

“बघ तर.”

तिनं जेल लावलं. बघितलं. पुन्हा बघितलं. मग मशीन बंद केलं.

“कधीपासून?”

“तिसऱ्या गुरुवारनंतर.”

“दिवसातून किती?”

“दोनशे.”

“का, थिलो?”

“तू माझ्याकडे बघावंस म्हणून. माझं तुझ्यावर प्रेम आहे.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. कागद उलटा करून त्याच्या पाठीवर तारीख, दहा सेकंद, दोनशे वेळा, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “मूर्खा, मी तुझ्याकडे बघत नव्हते. तुझ्या पोटरीकडे बघत होते. आणि तिनं मला कधी खोटं सांगितलं नसतं. तू तिला खोटं बोलायला लावलंस.” दारातून वळून एवढंच म्हणाली, “आधी सांगितलंस, ते बरं केलंस. दहा वाजता मी सगळ्यांसमोर गाढव ठरले असते.”

आणि दहा वाजता ती सगळ्यांसमोर गेली. हेनिंगनं नर्सकडून ऐकून नंतर सांगितलं: तिनं स्वतः उभं राहून सांगितलं की तिच्या अभ्यासातला एक पाय खोटा निघाला, तो आकड्यांतून काढून टाका. शिवाय चादरीवरून कॅमेऱ्याला काय दिसत नाही, तेही सांगितलं. अकरा जणांवर काम पुढे नेणार आहे. तिच्या जागी मी असतो तर मशीन खिडकीतून फेकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. डोळ्यांपुढे अंधार, तळवे मऊ पडलेले, जणू खडीवर उभा आहे. उजवा पाय उभा राहिला. डावा थरथरला आणि बसला. दोन आठवडे त्याला चालायला शिकवतोय. गंमत म्हणजे तो शिकतोय! रोज थोडा. जे मोडून नेलं होतं ते शरीर परत आणून रचतंय, मी त्याच्याशी कसा वागलो ते न विचारता. सकाळी जिन्याच्या बारा पायऱ्या चढलो, कठड्याला हात न लावता. साठ दिवस भरले, तसा हेनिंगही उठलाय. व्हरांड्यात काठी टेकत फिरतो आणि सगळ्यांना तिकीट मागतो.

मेर्ले परवा व्हरांड्यात दिसली. “पाय कसा?” म्हणाली. “कुठला?” मी विचारलं. “खरा,” ती म्हणाली, आणि मशीन ढकलत पुढे गेली. एवढंच. याच्यापुढे काही नाही, गेसा. मला कळलंय. दुखतं, पण कळलंय.

तुझ्याकडे लेअरला येतोय. आजचीच, चार वाजताची गाडी. तुझ्या इथे उचलायला, उठवायला माणूस लागतो असं तू म्हणाली होतीस. अजून लागत असेल तर मी करीन. नसेल तरी येतोय.

हे पत्र खालच्या पेटीत टाकायचं आहे; ते माझ्यामागून पोहोचेल, पण हे सगळं तोंडानं सांगायला जमलं नसतं. पिशवी भरून झाली. पलंग सरळ केलाय, चादर घडी करून ठेवलीये. व्हरांड्याच्या टोकाला मशीनची चाकं वाजताहेत. आज गुरुवार नाही, तरी वाजताहेत. मी तिकडे वळणार नाही. उठतोय. दोन्ही पायांवर. आणि जाताना दार बंद करतोय.

तुझा, थोडा लंगडा,
थिलो