पेशंट वाढवला

३ फेब्रुवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! चाकणची खासगी अँब्युलन्स सर्व्हिस, डोक्यावर पंखा, खुर्चीला चाकं. धाकटी बहीण मिनल इथल्याच एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे. आईनंतर मला तीच एक उरली. संत तुकाराम नगरच्या खोलीत आता आम्ही दोघी, आणि दादागिरी तिचीच! काम सोपं आहे. पेशंट नेताना गाडीत जे वापरून फेकलं, म्हणजे हातमोजे, ऑक्सिजनचा मास्क, ईसीजीचे स्टिकर, ते ड्रायव्हर धोंडीबाकाका फोनवर सांगतात. मी ते पेशंटच्या बिलात चढवते.

५ फेब्रुवारी
आज काकांनी सामान सांगितलं आणि शेवटी म्हणाले, पेशंट वाढवला. वाटेत आणखी एकाला घेतलं असणार. मी दुसरं बिल उघडून तेच सामान घातलं. नावाशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना, काकांचा फोन लागेना. मग तात्पुरतं आमच्या डबेवाल्या केसरबाईंचं नाव टाकलं. उद्या बदलेन.

६ फेब्रुवारी
केसरबाई डबे उतरवताना कोसळल्या. आमच्याच गाडीने नेलं, वाटेतच गेल्या. त्यांना लागलेलं सामान मी काल घातलं होतं तेच, तेवढंच. योगायोग असेल.

९ फेब्रुवारी
पुन्हा काकांचा तोच निरोप. या वेळी मुद्दाम कुणाचंच नसलेलं नाव रचलं: दादासाहेब ढेकळे. असलं नाव कुणाचं असतं का!

१० फेब्रुवारी
असतं. खराबवाडीचे होते. सकाळी आमच्याच गाडीत गेले.
मी काकांना विचारलं, पेशंट वाढवला म्हणालात त्या दिवशी गाडीत दुसरं कोण होतं? ते चक्रावले. म्हणाले, एकच पेशंट व्हता पोरी, त्यो गेला. गाडीत मेला म्हनू न्हाई, म्हनून वाढवला म्हनतो, दिवा वाढवत्यात तसं.
म्हणजे जी दोन बिलं मी उगाच उघडली, ती माणसं— मला फार भीती वाटतेय.

११ फेब्रुवारी
मी हात लावला नाही, तरी दुसरं बिल उघडलंय. नावाची जागा मोकळी. पुसलं, परत आलं. वायर काढली. स्क्रीन चालूच.

१२ फेब्रुवारी
नाव आलं. मिनल. आमच्या आडनावासकट.
तिचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. गेटवाल्याला विनवलं, तिला बाहेर काढा. म्हणतो, लाइन थांबत नाही, जेवणाच्या सुट्टीत निरोप देतो—

बिलात हातमोजे आपोआप चढले. स्टिकर—

तिचं नाव पुसून माझं टाकलं. घेतलं! टिकलं! मला ने, तिला राहू दे. छातीत कळ येतेय. चालेल. खरंच चालेल—

काकांचा फोन. मिनलच्या कंपनीतून निघालेत. म्हणतात तुझी भन हाय, धीर धर. पण मी तर माझं नाव—

खाली आणखी एक बिल. तिचं. माझं वर तसंच. दोन्हींत मास्क ए